चार कड्या सुटल्या, एक राहिली

रुबिक क्यूब सोडवायची सूत्रं पाठ झाली की नुसती बोटांची कसरत उरते, असं मत कोड्यांवरच्या या चर्चेत कोणीतरी मांडलं; ते मला अर्धंच पटलं. पाठांतराने मजा जाते खरी, पण सगळ्याच कोड्यांची नाही. तारेत अडकवलेल्या कड्या सोडवायच्या कोड्याचा विषय कोणी काढलाच नाही इथे, म्हणून लिहितो.

नागपुरातल्या बर्डीच्या फुटपाथवरून घेतलेलं पाच कड्यांचं कोडं माझ्याकडे आहे. मे महिन्यातल्या दुपारी, कूलरसमोर बसून त्याच्याशी झटापट चालायची. नियम साधा. पहिली कडी केव्हाही काढा-घाला. बाकी कुठलीही हलवायची तर तिच्या लगेच आधीची कडी तारेवर हवी आणि त्याआधीच्या सगळ्या सुटलेल्या. एक कडी काढली किंवा घातली की एक चाल. सगळ्या सोडवायला पाच कड्यांना कमीत कमी २१ चाली लागतात, सातांना ८५, नवांना ३४१.

मी सुरुवातच चुकीची करायचो, आधी दुसरी कडी काढायचो. दहा चालींत चार कड्या मोकळ्या, एकच राहिलेली! घरात ओरडून सांगायचो, झालंच आता. आणि तिथेच गाडी अडायची, कारण शेवटची काढायला चौथी परत चढवावी लागते. खरं तर ती सुटकेपासून सगळ्यात लांबची जागा, तिथून अजून ३१ चाली. हे कागदावर मांडून पाहिलं तेव्हा कळलं, तोवर दोन उन्हाळे गेले होते. चाली आता पाठ आहेत, तरी चढवलेली कडी पुन्हा उतरवताना हात जरा कचरतोच.