मून क्लिपवालं ९ मिमी छोटं रिव्हॉल्व्हर घ्यावं की साधं .३८?

नेमबाज५ :
नमस्कार मंडळी. पाच काडतुसांचं, साधारण दोन इंची नळीचं रिव्हॉल्व्हर निवडायचं आहे. पर्याय तीन. एक, ९ मिमीचं, ज्याला मून क्लिप (पाचही काडतुसं बुडाशी एकत्र धरणारी पत्र्याची चकती) लागतेच. दुसरं साधं .३८ स्पेशल. तिसरंही .३८चंच, पण सिलिंडरची मागची बाजू क्लिप बसेल अशी कातलेली. मून क्लिपने भराभर भरता येतं हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण रोजच्या वापरात कुठे अडतं? क्लिप वाकली तर नेमकं काय होतं? आणि हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये ९ मिमीची गोळी पुंगळीतून पुढे सरकते म्हणतात, ते कितपत खरं?

चक्रधर :
भरण्याच्या वेगापेक्षा रिकामं करण्यातला फायदा मोठा आहे, आणि छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो जास्तच जाणवतो. .३८ स्पेशलची पुंगळी सुमारे २९.३ मिमी लांब असते. दोन इंची नळीखाली इजेक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या) दांडीला जागाच कमी, त्यामुळे ती पुंगळ्या पूर्ण बाहेर ढकलू शकत नाही. एखादी पुंगळी अर्धवट लोंबकळते. दांडी हळू दाबली किंवा नळी खाली झुकलेली असली, तर पुंगळीच्या बुडाची कडा निसटून इजेक्टरच्या चांदणीखाली (दांडीच्या मागच्या टोकाची, कडांना धरणारी चकती) जाते. मग चांदणी उचलून धरायची आणि नखाने पुंगळी उकरून काढायची.

९ मिमीची पुंगळी फक्त १९.१५ मिमी. तीच आखूड दांडी तिला सहज बाहेर काढते. शिवाय पाचही पुंगळ्या क्लिपमध्ये धरलेल्या असल्याने एकदमच पडतात आणि चांदणीखाली जाण्याचा प्रश्नच राहत नाही. काडतुसं आखूड, म्हणून भरतानाही ती झोके खात नाहीत. टोक गोल असेल तर पाचही एका दमात चेंबरमध्ये (सिलिंडरच्या भोकांत) उतरतात. रुंद, सपाट तोंडाची गोळी मात्र चेंबरच्या काठाला अडते. काठ किंचित उतरता घासून घेतलेला असला तर बराच फरक पडतो, पण ते काम जाणत्या आर्मररकडूनच (बंदूक-दुरुस्ती कारागिराकडूनच) करून घ्यावं.

आता तोटा. ९ मिमीच्या काडतुसाला बाहेर आलेली कडा नसते, बुडाजवळ नुसती खाच असते. चांदणीला धरायला काही मिळत नाही, ते काम क्लिप करते. मूळ कल्पनाही याच अडचणीतून आली: १९१७ साली अमेरिकी सैन्याच्या कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरांमध्ये पिस्तुलाचं बिनकडेचं .४५ एसीपी काडतूस वापरायचं होतं, म्हणून तीन-तीन काडतुसांच्या अर्ध्या क्लिपा निघाल्या. काही मॉडेलांत क्लिपशिवायही बार उडतो, कारण पुंगळीचं तोंड चेंबरमधल्या पायरीवर टेकतं. पण नंतर प्रत्येक पुंगळी पुढून काडी घालून ढकलावी लागते. म्हणजे क्लिप ही वेगळी वस्तू नव्हे, रिव्हॉल्व्हरचाच सुटा भाग समजा.

दोन बार झाले आणि तेवढीच दोन काडतुसं बदलायची, हेही जमत नाही. अख्खी क्लिप बाहेर येते.

खाचखळगे :
क्लिपबद्दल सांगतो, कारण बहुतेक तक्रारी रिव्हॉल्व्हरच्या नसून क्लिपच्या असतात.

क्लिप म्हणजे एक मिलिमीटरहूनही पातळ स्प्रिंग स्टीलचा पत्रा. एक पाकळी जरी वाकली तरी त्या जागी काडतुसाचं बुड मागच्या पोलादी भिंतीला घासतं आणि सिलिंडर अडखळतो. चाप एखाद्याच जागी जड लागतो, पुढे पुढे सिलिंडर फिरतच नाही. पाकळी उलट बाजूला वाकली तर काडतूस पुढे राहतं, पिनची ठोकर हलकी पडते आणि बार होत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. रिकामी क्लिप काचेवर ठेवून प्रत्येक पाकळी बोटाने दाबा. डुगडुगली किंवा खालून उजेड दिसला तर ती बाद. सरळ करण्याच्या फंदात पडू नका, ठोकून सपाट केलेली पाकळी परत तिथेच वाकते. दुसरी चाचणी डमी काडतुसांनी, आणि फक्त डमीनेच: क्लिप भरा, सिलिंडर बंद करा, नळी सुरक्षित दिशेला धरून चाप पाच वेळा हळूहळू ओढा. पाचही जागी वजन सारखं लागलं पाहिजे. जिवंत काडतुसं त्या खोलीतही नकोत.

क्लिपा वाकतात त्या बहुधा पुंगळ्या काढताना. बोटांनी आडवी ओढली की पाकळी गेलीच. खाच असलेली नळीसारखी अवजारं मिळतात. ती रिकाम्या पुंगळीवर बसवून पिळलं की पुंगळी सुटते आणि क्लिपवर ताण येत नाही. जिवंत काडतूस काढताना प्राइमरवर (बुडातल्या, पिनच्या ठोकरीने पेटणाऱ्या टोपीवर) कशाचाही दाब येता कामा नये, पकड तर अजिबात वापरू नका.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. ९ मिमीच्या पुंगळीची खाच प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असते, कुठे रुंद, कुठे उथळ. एकाच क्लिपमध्ये एका कंपनीची काडतुसं गच्च बसतात, दुसरीची लुळी पडतात. लुळी काडतुसं चेंबरच्या तोंडाशी नीट जुळत नाहीत, म्हणजे वेगाचा फायदा तिथेच संपला. एकाच प्रकारची काडतुसं ठरवा आणि त्यांच्या खाचेला बसतील अशाच क्लिपा घ्या.

भरलेली क्लिप खिशात मोकळी टाकू नका. किल्ल्या-नाण्यांनी वाकते, धागे-कचरा पत्र्याखाली अडकतो. कडक डबी किंवा मधल्या भोकात बसणारी खुंटी असलेला होल्डर हवा, आणि त्याची जाडी खिशात जाणवणारच. पाच .३८ची रबरी पट्टी खिशात त्याहून कितीतरी सपाट राहते.

नेमबाज५ :
दोघांचेही आभार. गोळी पुढे सरकण्याचं कसं तपासायचं?

वजनकाटा :
ती गोष्ट खरी आहे. धक्क्याने रिव्हॉल्व्हर आणि पुंगळी झटक्यात मागे येतात, गोळी मात्र जडत्वाने जागीच राहू पाहते. .३८मध्ये पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत मुडपलेलं असतं, त्यामुळे पकड पक्की. ९ मिमीचं काडतूस मुळात पिस्तुलासाठी बनलेलं. त्यात पुंगळीच्या तोंडावर काडतूस टेकायचं असतं, म्हणून तोंड तेवढं मुडपता येत नाही, नुसतं किंचित आवळलेलं असतं. त्यात रिव्हॉल्व्हर हलकं आणि काडतूस जोरकस: सामी या अमेरिकी काडतूस-उत्पादकांच्या संस्थेच्या मानकात ९ मिमीचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), .३८ स्पेशलचा १७,०००. जड गोळी जास्त सरकते, म्हणून १४७ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या गोळीपेक्षा ११५ किंवा १२४ ग्रेनपासून सुरुवात करा.

चाचणी रेंजवरच करायची. पाच काडतुसांच्या पुंगळ्यांवर मार्करने आकडे घाला आणि व्हर्नियरने प्रत्येकाची पूर्ण लांबी लिहून ठेवा. चार बार करा. पाचवं न उडवता बाहेर काढा आणि पुन्हा मोजा. लांबी तेवढीच असेल तर उत्तम. थोडी जरी वाढलेली दिसली तर दुसऱ्या पेटीतल्या काडतुसांवर तीच चाचणी करा. दोन्ही वेळा वाढली तर तो प्रकार या रिव्हॉल्व्हरसाठी सोडून द्या. सरकलेलं काडतूस दाबून परत बसवू नका, उडवूही नका.

दुर्लक्ष केलं तर काय होतं? गोळीचं टोक सिलिंडरच्या पुढे आलं तर सिलिंडर जाम होतो. ९ मिमी आखूड असल्याने लांब सिलिंडरमध्ये आणखी वाईट घडू शकतं: गोळी पुंगळीतून सुटते आणि दारू आत सांडते. अशा काडतुसावर पिन पडली तर नुसत्या प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अडकू शकते. आवाज दबका आला तर लगेच थांबा, रिव्हॉल्व्हर रिकामं करा आणि नळी मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय पुढचा बार करू नका.

चक्रधर :
तिसऱ्या पर्यायाबद्दल कोणी बोललं नाही. क्लिपसाठी कातलेलं .३८ मला तिघांत सर्वांत समजूतदार वाटतं. कडा असलेली काडतुसं क्लिपशिवायही चालतात, चांदणी त्यांना धरतेच. क्लिप हरवली किंवा वाकली तरी रिव्हॉल्व्हर अडत नाही, आणि हवं तेव्हा एक-दोन काडतुसं बदलता येतात. गोळी सरकण्याची भीतीही कमी. पुंगळ्या लांबच राहतात, त्यामुळे क्लिप असूनही त्या पूर्ण सुटत नाहीत. पण एक हलली की पाचही हलतात. नळी सरळ वर करून तळव्याने दांडीवर एकच ठाम फटका मारायचा.

निवडताना मुठीची डावी बाजूही पाहा. ती जाड असेल तर क्लिप बाहेर येताना पुंगळी तिथे अडते. डमी काडतुसं भरून, सिलिंडर उघडून, दांडी दाबून बघा. अडत असेल तर तेवढा भाग कोरलेली मूठ बसवून घ्या.