मदत हवी आहे: गड्ड्यातल्या पाळण्यांचे फोटो हॉलमध्ये कसे लावू?

नमस्कार मंडळी,

माहेर सोलापूरचं, त्यामुळे जानेवारी म्हणजे गड्ड्याची जत्रा. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, आणि मग होम मैदानावर आकाशपाळणे, ब्रेक डान्स, मौत का कुआँ. बाबांना फोटोंचा भारी नाद. दरवर्षी एक रोल गड्ड्यासाठी राखून ठेवायचे. त्या रोलवर आम्ही भावंडं नावापुरती, बाकी सगळे पाळणे! खालून काढलेला पाळणा, दिवे लागलेला पाळणा, दुपारी रिकामा उभा असलेला पाळणा. आई अजून म्हणते, "पोरांपेक्षा लोखंडाचे फोटो जास्त काढले ह्यांनी."

आता बाबांनी ती सगळी पाकिटं निगेटिव्हसकट माझ्याकडे दिली आहेत. साधारण ८५ ते ९५ सालातले, रंगीत, पोस्टकार्ड आकाराचे. पुण्यात नुकताच फ्लॅट घेतला, सोफ्यामागची दहा फुटी भिंत कोरी आहे. तिथे हेच लावायचं पक्कं केलंय. अडचणी अशा:

बरेच फोटो लालसर झालेत. ते तसेच मोठे करावेत का? पंधरावीस तरी लावावेसे वाटतात, पण नवरा म्हणतो, "हॉलचा गड्डा करू नकोस." आणि खरंच, भडक रंगांमुळे हॉल लहान मुलांच्या खोलीसारखा दिसेल का, ही भीती मलाही आहे. भिंतीवर दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं. शिवाय भावाने व्हिएन्नाहून तिथल्या जुन्या पाळण्याचं, रीझेनराडचं, एक काळंपांढरं छापील चित्र आणलंय. ते यांच्यात शोभेल की उपरं वाटेल?

एका फ्रेमवाल्याकडे दोन फोटो टाकले होते. त्याने आकारात बसवायला पाळण्याचं टोकच कापलं. म्हणून आधी इथे विचारते आहे.

डार्करूम
प्रिंट मोठे करू नका, निगेटिव्ह स्कॅन करून घ्या. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, म्हणून फोटो लाल दिसतात. निगेटिव्ह बऱ्याचदा त्यापेक्षा चांगल्या असतात. ३२०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३२०० ठिपके) स्कॅन केलं की साधारण ३००० × ४५०० पिक्सेल मिळतात, १२ × १८ इंचाला पुरेसे. १६ × २४ सुद्धा चालेल, भिंतीवरचा फोटो कोणी नाक लावून बघत नाही.

टोक कापलं गेलं ते आकारामुळे. ३५ मिमीच्या निगेटिव्हचं प्रमाण २:३ असतं. १२ × १८ किंवा १६ × २४ सांगितलंत तर पूर्ण फोटो बसतो, १६ × २० सांगितलं की कात्री लागतेच. पाळण्याच्या फोटोत तर गोलच मोडतो.

उन्हाच्या भिंतीवर मूळ प्रिंट अजिबात लावू नका. नवे प्रिंट मॅट कागदावर, पिगमेंट शाईत करा. समोर खिडकी असेल तर साध्या काचेत खिडकीच दिसत राहील, अतिनील किरण अडवणारं मॅट अ‍ॅक्रिलिक बसवा.

उंबरठा
नवऱ्याशी सहमत :) वीस फोटो म्हणजे हॉटेलची सजावट. एकच मोठा घ्या, तोही दुपारच्या रिकाम्या पाळण्याचा. दिव्यांचे, गर्दीचे फोटो सगळेच लावतात. रिकामा पाळणा तुमच्या बाबांनीच टिपला. बाजूला दोनतीन लहान, तेही तुकड्यांचे: पाळण्याच्या पाठीवरची नक्षी, खिळे, तिकिटाची खिडकी. रंग भडक असले तरी पांढरा रुंद माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि बारीक काळी पट्टी दिली की शांत दिसतात. भिंत मात्र पिवळी करू नका!

मधल्या फोटोचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवतात, पण खाली सोफा आहे. त्याच्या पाठीपासून वर वीतभर जागा सोडा आणि तिथून मोजा.

शेंगाचटणी
गाववाले! रीझेनराडचं चित्र नक्की लावा. तो १८९७ चा पाळणा. आधी त्याला ३० डबे होते, दुसऱ्या महायुद्धात आगीत जळाला आणि नंतर उभा करताना १५च डबे बसवले. तुमच्या चित्रात डबे मोजून बघा, दाटीने असतील तर चित्र युद्धाआधीच्या रूपाचं. फक्त या भिंतीवर नको, समोरच्या भिंतीवर एकटंच राहू द्या. आणि ती भिंत बाथरूमला लागून नाही ना? माझे दोन फोटो पावसाळ्यात बुरशीने गेले. फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. डबे मोजले, ३० भरले! बाथरूम पलीकडच्या बाजूला आहे, हुश्श.

बाबांना फोन करून रिकाम्या पाळण्याचं विचारलं. म्हणाले, "तो मुद्दाम नव्हता काढला गं, गर्दी व्हायच्या आत रोल संपवायचा होता." तरीही मोठा तोच करते आहे, १६ × २४. बाकी तीन कुठले ते ठरेना. सतरा जण दावेदार आहेत आणि नवऱ्याने मत द्यायला नकार दिलाय. स्कॅन झाले की इथेच टाकते, तुम्हीच निवडा.