मदत हवी आहे: यूसी सांता बार्बरा, फिजिक्स की पार्ट्या?

लेकीला यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सांता बार्बराला फिजिक्सला अ‍ॅडमिशन मिळालीये, १ मेच्या आत कळवायचंय. अभ्यासाच्या बाजूने शंका नाही, निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळालेले नाकामुरा तिथलेच प्रोफेसर, पण कॅम्पसला चिकटून ते आयला व्हिस्टा नावाची विद्यार्थ्यांची वस्ती आहे ना, तिथल्या डेल प्लाया रस्त्यावरच्या पार्ट्यांचे व्हिडिओ बघून आजीने पुण्याहून फोन करकरून डोकं खाल्लंय. मला वाटतं पार्ट्या काय बर्कलेलाही होतातच, खरा प्रश्न झोपेचा आहे. कोणाची मुलं तिथे असतील तर प्लीज सांगा, पहिल्या वर्षी डॉर्ममध्ये रात्री शांतता असते का, लायब्ररीतून उशिरा एकटीने परतणं सेफ वाटतं का आणि अंडरग्रॅडच्या पोरांना लॅबमध्ये रिसर्चला घेतात का? रँकिंगच्या लिंक नकोत, त्या नवऱ्याला पाठ आहेत.