नाझी छावण्यांतले बापलेक: ‘नाईट’नंतर काय वाचावं?

पिंपळपार:
नमस्कार मंडळी. मुलगा अकरावीत आहे. त्यानं कुठूनसं एली वीझेलचं ‘नाईट’ आणलं, नाझी छावण्यांत बापाबरोबर काढलेल्या दिवसांची त्याची आठवण, आणि त्याच्यामागून मीही वाचलं. पुस्तक छोटंसं, पण त्यावर आमचं काही जुळेना. तो म्हणतो, पोरगा शेवटपर्यंत बापाला सोडत नाही, म्हणजे ही मायेची गोष्ट. मला वाचताना पोटात गोळा आला होता. याच विषयावरचं आणखी काय वाचावं? मराठी-इंग्रजी दोन्ही चालेल. गोडगोड नको. सिनेमे नकोत.

सांजवात:
नवीन काही घेण्याआधी तेच पुन्हा वाचा, पेन्सिल हातात घेऊन. मुलगा बापावर कुठे कुठे चिडतो तिथे खुणा करा.

इडेक नावाचा कापो, म्हणजे कैद्यांवर नेमलेला कैदी-मुकादम, बापाला लोखंडी कांबीनं बडवतो, तेव्हा पोराला राग येतो तो बापाचा. याला इडेकची लहर ओळखून बाजूला व्हायला काय झालं होतं? पुढे फ्रानेक नावाच्या फोरमनला पोराच्या दातावरचं सोन्याचं टोपण हवं असतं. पोरगा नाही म्हणतो. मग फ्रानेक बापाला धरतो, कारण बापाला रांगेत पाय जुळवून चालता येत नाही. बराकीसमोर मुलगा बापाला ‘डावा, उजवा’ शिकवतो आणि भोवतालचे कैदी फिदीफिदी हसतात. बापाला काही ते जमत नाही. मार चालूच राहतो आणि शेवटी टोपण जातं ते जातंच, गंजक्या चमच्यानं उपटलेलं.

सिघेतमध्ये, म्हणजे त्यांच्या गावी, लोक ज्याच्याकडे सल्ल्याला यायचे, तो बाप १९४४ च्या मे महिन्यात गाडीत कोंडला जातो आणि पुढच्या जानेवारीत लेकाच्या गळ्यात पडलेलं ओझं होतो. मध्ये कैद्यांना बर्फातून पळवत दुसरीकडे नेतात, तेव्हा रब्बी एलियाहू आपल्या मुलाला शोधत येतो. तीन वर्षं दोघं एकत्र तगलेले. एलिएझरला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या पोराला, मागाहून आठवतं: बाप मागे पडतोय हे त्या मुलानं पाहिलं होतं आणि तरीही तो पुढेच धावत राहिला. आपल्या हातून असं होऊ नये म्हणून एलिएझर प्रार्थना करतो, तीही ज्याच्यावरचा विश्वास उडालाय त्याच देवाची. मग बुखेनवाल्डच्या छावणीत बाप आमांशानं पडतो, नावानं हाका मारतो आणि मुलगा जागचा हलत नाही. २९ जानेवारी १९४५ च्या पहाटे बापाच्या जागी दुसराच आजारी माणूस असतो. मुलाला रडू येत नाही. आत खोल कुठेतरी सुटल्यासारखं वाटतं, हेही तो लिहून टाकतो.

माझ्या मते ‘सुटलो’ असं वाटलं, ते कागदावर आणायची लाज या पुस्तकाच्या मुळाशी आहे. तुमचा मुलगा चुकीचा नाही. माया आहेच, म्हणून तर लाज.

गडवाट_०७:
‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ राहिलं की! त्यातही बाप-मुलगा आहेत, अकरावीच्या पोराला झेपेल.

दौत:
गडवाट भाऊ, ते नको. त्यातला बाप कमांडंट, मुलाला कशाचाच पत्ता नाही आणि छावणीच्या तारेपाशी रोज निवांत गप्पा. २०२० मध्ये खुद्द आउशविट्झच्या संग्रहालयानं म्हटलंय की हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं.

पिंपळपार, मुलासाठी जेरेमी ड्रॉनफील्डचं ‘द बॉय हू फॉलोड हिज फादर इंटू आउशविट्झ’ घ्या. कादंबरी नाही, घडलेलं आहे. व्हिएन्नातले गुस्ताव क्लाइनमान, गाद्या-खुर्च्या मढवणारे कारागीर, आणि त्यांचा मुलगा फ्रिट्झ. १९३९ मध्ये दोघांना बुखेनवाल्डला नेलं. १९४२ मध्ये बापाचं नाव आउशविट्झच्या यादीत लागलं. तिथे जाणं म्हणजे मरण, हे फ्रिट्झला ठाऊक होतं. तरी त्यानं आपणहून नाव घालून घेतलं. दोघंही वाचले. बापानं चोरून डायरी ठेवली होती, पुस्तकाचा मोठा आधार तीच.

पिंपळपार:
@दौत, हे जरा गोडाकडे झुकत नाही का?

दौत:
नावावरून वाटतं खरं. पण जानेवारी १९४५ मध्ये रेल्वेच्या उघड्या वाघिणीतून नेताना बापात उडी मारायचं त्राण नसतं आणि तोच मुलाला ‘तू उडी मार’ म्हणतो. फ्रिट्झ मारतो. पुढे पकडला जातो ती गोष्ट वेगळी. ‘नाईट’ला लागूनच वाचा. एकीकडे मुलगा बापाला सोडून जायला घाबरतो, इथे बापच त्याला सोडायला लावतो.

करवंद:
‘माउस’ कोणीच कसं सांगितलं नाही? आर्ट स्पीगलमन, चित्रकथा, दोन भाग, १९८६ आणि १९९१. यात छावणी संपून वर्षं लोटलीत. न्यूयॉर्कमध्ये लेखकाचा म्हातारा बाप व्लाडेक अर्धवट खाल्लेले डबे दुकानात परत द्यायला जातो आणि लेकाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ज्या चिकटपणामुळे बाप जगला, त्याच चिकटपणानं तो मुलाला नकोसा झालाय. आईच्या वह्या बापानं जाळल्या हे कळल्यावर आर्ट त्याला ‘खुनी’ म्हणतो. छावणीतून वाचलेल्या बापाला. माझ्या बाबांशी माझं कधी पटलं नाही, त्यामुळे असेल, पण ते पान उलटायला मला वेळ लागला.

गडवाट_०७:
अकरावीतल्या मुलाला चित्रकथा म्हणजे जरा पोरकट नाही वाटणार?

करवंद:
राव, पुलित्झर मिळालंय तिला. पहिली दहा पानं वाच आणि मग बोल.

सांजवात:
करवंद +१. आणखी एक, इम्रे केर्तेसचं ‘फेटलेसनेस’. लेखकाला २००२ चं नोबेल. सुरुवात बुडापेस्टमध्ये, बापाला सक्तीच्या मजुरीवर धाडायच्या दिवसापासून. चौदा वर्षांचा मुलगा शाळेतून रजा घेतो, बापाबरोबर पाठपिशवीची खरेदी होते, नातेवाईक जेवायला येतात, आणि सगळा वेळ पोराला प्रश्न पडलेला की आपण आत्ता नक्की कसं वागायचं असतं? पुढे मुलगाच आउशविट्झला पोचतो. परत येतो तेव्हा बाप माउटहाउजेनच्या छावणीत मेल्याचं कळतं. बापलेकांवरची पानं थोडीच, पण तो अवघडलेपणा फार खरा आहे.

पार्श्वभूमीला मराठीत वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आहेच, मुलाला आधी तेच द्या.

पिंपळपार:
कानिटकर घरात आहेत, वडिलांची प्रत. ‘माउस’चे दोन्ही भाग मागवले. केर्तेसची दोन इंग्रजी भाषांतरं दिसतायत, कुठलं घेऊ?

सांजवात:
टिम विल्किन्सनचं, २००४ चं. ‘फेटलेस’ नावाचं १९९२ चं जुनं आहे, ते स्वस्तात मिळालं तरी नको. खुद्द लेखकालाच ते पसंत नव्हतं.