क्लॉडिन-२ आणि आतड्याची 'गळती'
आतड्याच्या पेशींना जोडणारी प्रथिनं म्हणजे विटांमधलं सिमेंट, ते निघालं की आतडं गळतं, अशी एक उपमा दिली जाते. ती सोपी आहे, पण मुख्य गोष्ट तिच्यातून निसटते. ही प्रथिनं फटी नुसत्या बुजवत नाहीत, काय आत-बाहेर सोडायचं तेही ठरवतात.

यातल्याच क्लॉडिन नावाच्या प्रथिनांचं बघा. माणसात या कुटुंबातली वीसहून जास्त प्रथिनं आहेत. बरीचशी फट आवळून धरतात. क्लॉडिन-२ मात्र उलट वागतं. दोन पेशींच्या मधोमध ते इतकी बारीक छिद्रं तयार करतं की सोडियम आणि पाणी जातं, जिवाणू किंवा मोठे रेणू जाऊच शकत नाहीत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) हेच क्लॉडिन-२ वाढलेलं आढळतं. म्हणजे तिथे जोड नुसता तुटलेला नसतो, छिद्रं करणारं प्रथिनच जास्त झालेलं असतं! जुलाबात आतड्यात येणाऱ्या पाण्याकडे बघायची माझी नजरच यामुळे बदलली.

शिवाय सिमेंट एकदा सुकलं की सुकलं. इथे झेडओ-१ हे प्रथिन जोडाला पेशीच्या आतल्या अ‍ॅक्टिनच्या धाग्यांशी बांधून ठेवतं. मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाने ते धागे ओढले की जोड सैल होतो, ओढ थांबली की पुन्हा आवळला जातो.

आणि या पेशींचं आतड्यातलं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. म्हातारी पेशी गळून पडताना शेजारच्या पेशी तिच्याखाली सरकतात, आपसात जोड बांधतात, आणि ती सुटायच्या आत खालची जागा बंद झालेली असते.