मदत हवी आहे: एकाच वायफायवर असून लॅपटॉपला फोन दिसत नाही

किरमिजी
वैताग आलाय. फोन, टॅब आणि लॅपटॉप तिन्ही एकाच वायफायवर आहेत. फोनवरून टॅबवर फाइल जाते, टॅबवरून फोनवर येते. लॅपटॉप मात्र त्या दोघांना दिसत नाही आणि लॅपटॉपलाही ते दोघे दिसत नाहीत. ॲप काढून परत टाकलं, सगळं बंद-चालू करून झालं. व्हिडिओ मोठे आहेत आणि आज रात्रीपर्यंत लॅपटॉपवर हवेत, एडिटिंग करायचंय. केबल लावा असं सांगायला कृपया येऊ नका. फोनचं पोर्ट सैल झालंय, चार्जिंगच कसंबसं होतं. जाणकारांनी लवकर सांगा.

तारजोड
कुठलं ॲप? लॅपटॉप विंडोज की मॅक? टॅब कोणता? ‘दिसत नाही’ म्हणजे यादीत नावच येत नाही, की नाव येतं पण फाइल जात नाही? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

गंजका_खिळा
ओटीजी पेनड्राइव्ह घ्या आणि मोकळे व्हा. वायरलेसच्या नादात माणसं अर्धा दिवस घालवतात.

झुळूक
@गंजका_खिळा, पोर्ट सैल आहे असं स्पष्ट लिहिलंय हो. पेनड्राइव्ह काय हवेत खुपसायचा?

गंजका_खिळा
मग मेमरी कार्ड. कार्डाचा खाचा असेलच की.

चष्मिष
टॅबवर आधी एअरड्रॉपचं (ॲपलची फाइल पाठवायची सोय) सेटिंग बघा. ‘एव्हरीवन’ ठेवलं तरी ते 10 मिनिटांनी आपोआप ‘काँटॅक्ट्स ओन्ली’वर जातं, 2022 च्या अपडेटपासून असंच आहे. लोकांना वाटतं चालू आहे, आणि असतं बंद. शिवाय कुठलंही शेअरिंग ॲप पहिल्यांदा उघडलं की ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागतं. तिथे नकळत ‘नाही’ दाबलं गेलं असेल तर जन्मात कोणी दिसणार नाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन ती चालू करा.

किरमिजी
@चष्मिष, आयपॅड आहे असं कधी म्हणाले मी? टॅब अँड्रॉइड, फोन अँड्रॉइड, लॅपटॉप विंडोज 11. ॲप लोकलसेंड. यादीत नावच येत नाही. व्हिडिओ साधारण 6 जीबीचा एक, असे बरेच.

तारजोड
आता जरा दिशा मिळाली. आणि 6 जीबी असेल तर मेमरी कार्डाचा सल्ला घेण्याआधी कार्ड कसं फॉरमॅट केलंय ते बघा. फॅट32 असेल तर 4 जीबीच्या वरची एक फाइल त्यात बसतच नाही, कार्ड कितीही मोठं असो.

गंजका_खिळा
एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यायचं, त्यात ती 4 जीबीची अडचण नाही. यात काय अवघड आहे?

झुळूक
लोकलसेंड कशाला? क्विक शेअर वापरा, अँड्रॉइडमध्ये असतंच आणि विंडोजसाठी 2023 पासून वेगळं ॲप आहे. आधी त्याला निअरबाय शेअर म्हणायचे, 2024 मध्ये नाव बदललं. मी सगळं त्यावरच करते.

उंबरठा
निअरबाय शेअरिंग तर विंडोजमध्ये आधीपासूनच आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, निअरबाय शेअरिंग. ते चालू करा, वेगळं ॲप लागत नाही.

तारजोड
@उंबरठा, ते विंडोजचं स्वतःचं, 2018 पासून आलेलं. ते फक्त विंडोज ते विंडोज चालतं. अँड्रॉइड फोन त्यात येणार नाही. नावसाधर्म्यामुळे निम्मं जग या खड्ड्यात पडतं.

उंबरठा
बरं. पण खरं कारण मला माहीत आहे. एक 2.4 वर असेल आणि दुसरं 5 गिगाहर्ट्झवर. दोन वेगळे बँड एकमेकांना दिसत नाहीत. राउटरमध्ये जाऊन 5 बंद करा.

तारजोड
असहमत. एकाच राउटरचे दोन्ही बँड साधारणपणे एकाच नेटवर्कमध्ये जोडलेले असतात. 5 बंद करून फक्त वेग कमी होईल. अपवाद दोन: गेस्ट नेटवर्क, किंवा राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ चालू असणं. त्यात प्रत्येक उपकरणाला इंटरनेट मिळतं, पण शेजारचं उपकरण दिसत नाही. इथे फोन आणि टॅब एकमेकांना दिसताहेत, म्हणजे त्यांच्या बाजूला तरी आयसोलेशन नाही.

@किरमिजी, तीन गोष्टी बघा. लॅपटॉप गेस्ट वायफायवर आहे का? ऑफिसचं व्हीपीएन चालू आहे का? आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, तुमचं वायफाय, प्रॉपर्टीज, तिथे पब्लिक आहे की प्रायव्हेट? पब्लिक असेल तर विंडोजचा फायरवॉल बाहेरून आलेल्याला सहसा दारातच अडवतो.

किरमिजी
गेस्ट नाही, व्हीपीएन नाही. पब्लिक होतं, प्रायव्हेट केलं. तरी यादीत काही नाही. आता?

पत्रावळ
माझ्या मते ब्लूटूथ. हळू जातं पण जातं, आणि राउटर-बिउटरची भानगडच नाही.

चष्मिष
@पत्रावळ, ब्लूटूथने फाइल पाठवताना प्रत्यक्षात सेकंदाला 2 मेगाबिट मिळाले तरी नशीब. 1 जीबीलाच तासाहून जास्त लागतो, 6 जीबीला सगळी रात्र जाईल. एअरड्रॉप आणि क्विक शेअरही ब्लूटूथ वापरतात, पण मुख्यतः समोरचा कोण आहे ते शोधायला. मोठी फाइल वायफायने जाते. म्हणून ब्लूटूथ बंद ठेवलं की ‘कोणीच दिसत नाही’ ही तक्रार येते.

मी_तोच
धागा हायजॅक करतोय, माफी. माझ्या आयफोनवरून मित्राच्या अँड्रॉइडला एअरड्रॉप होईल का? कोणी म्हणतं आता होतं.

चष्मिष
2025 च्या शेवटी पिक्सेल 10 मध्ये क्विक शेअर आणि एअरड्रॉपची जोडणी आली. त्यासाठी आयफोनवर ‘एव्हरीवन’ ठेवावं लागतं, आणि वर सांगितलेली 10 मिनिटं तिथेही लागू. मित्राचा फोन कुठला आहे?

मी_तोच
बघून सांगतो.

झुळूक
अवांतर: व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवून वर ‘क्वालिटी गेली’ म्हणून रडणाऱ्यांनी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. 2 जीबीपर्यंत जातो आणि दाबला जात नाही.

किरमिजी
माझा प्रश्न व्हॉट्सॲपचा नाहीये. 6 जीबी लिहिलंय.

तारजोड
@किरमिजी, यादी विसरा. लोकलसेंडमध्ये समोरच्याचा पत्ता हाताने टाकून पाठवायची सोय आहे. लॅपटॉपवर ॲप उघडा, ‘रिसीव्ह’च्या पानावर त्याचा आयपी पत्ता दिसेल. तो फोनच्या ॲपमध्ये टाका आणि एखादा छोटा फोटो पाठवून बघा. मग तसंच उलट्या दिशेने.

किरमिजी
गेला!! फोनवरून लॅपटॉपवर फोटो गेला. पण लॅपटॉपवरून फोनवर जात नाही, फोनचा पत्ता बरोबर टाकूनही. हे काय गौडबंगाल?

उंबरठा
म्हणजे लॅपटॉपचं वायफाय कार्ड खराब. मी आधीच म्हणणार होतो.

जुनंपानं
कार्ड खराब असतं तर फोटो आलाच नसता. आधी प्रायव्हेट केल्यावर फायरवॉल सुटला, म्हणून फोटो पोचला. उरलेला अडथळा वेगळा आहे आणि तो एकेरी आहे. तिन्ही उपकरणांचे आयपी पत्ते इथे टाका.

किरमिजी
आयपी असा चारचौघांत टाकायचा असतो का?

जुनंपानं
192.168 ने सुरू होणारा असेल तर खुशाल टाका. ते घरातल्या घरातले पत्ते, बाहेरून त्यांचा काही उपयोग नाही. हेच आकडे असंख्य घरांत आहेत.

किरमिजी
लॅपटॉप 192.168.1.7
फोन 192.168.0.104
टॅब 192.168.0.102

जुनंपानं
सापडलं. तिसरा आकडा बघा. लॅपटॉप 1 मध्ये, फोन-टॅब 0 मध्ये. ही दोन वेगळी नेटवर्क्स आहेत. दुसरा राउटर कुठे आहे?

किरमिजी
पण वायफायचं नाव एकच आहे! पासवर्डही एकच.

तारजोड
नाव कुणीही काहीही ठेवू शकतं हो. दोन वेगळ्या राउटरना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला की फोनला जो जास्त दणकट वाटतो तो त्याला चिकटतो. पण मागची नेटवर्क्स वेगळी ती वेगळीच.

किरमिजी
हो, वरच्या खोलीत रेंज येत नव्हती म्हणून जोडणी करणाऱ्याने जुना राउटर तिथे लावून दिला होता. त्याला झाली बरीच वर्षं. इंटरनेट व्यवस्थित चालतं, मग त्याचा इथे काय संबंध?

जुनंपानं
सगळा संबंध तिथेच. त्याने खालच्या राउटरची केबल वरच्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचं पोर्ट) घातली असणार. त्यामुळे वरचा राउटर खालच्या नेटवर्ककडे ‘बाहेरचं इंटरनेट’ म्हणून बघतो आणि आपल्या मागे स्वतःचं वेगळं बिऱ्हाड थाटतो. आतून बाहेर जायला त्याची हरकत नसते, म्हणून फोन लॅपटॉपपर्यंत पोचला. बाहेरून कोणी आपणहून आत येऊ लागलं की तो विचारतो, कोण तुम्ही? आत बसलेल्या कोणाशी नेऊन जोडायचं हे त्याला माहीतच नसतं. लॅपटॉप फोनपर्यंत पोचत नाही तो याचमुळे. आणि यादीत नाव न येण्याचं कारणही हेच. लोकलसेंड ‘मी इथे आहे’ अशी हाक 224.0.0.167 या मल्टिकास्ट पत्त्यावर मारतं. ती हाक आपल्याच नेटवर्कात ऐकू जाते, घरगुती राउटर ती पलीकडे नेत नाही.

झुळूक
+१. हे कोणी आधी का नाही विचारलं?

तारजोड
कारण धाग्याची पहिलीच ओळ ‘तिन्ही एकाच वायफायवर आहेत’ अशी होती.

किरमिजी
मला एकच नाव दिसत होतं, मग दुसरं काय लिहिणार? आता उपाय सांगा. रात्र होत आली.

जुनंपानं
आजचं काम तर आत्ताही होईल. तुम्हाला फोनवरून लॅपटॉपवरच आणायचंय ना? ती दिशा चालू आहे. पत्ता हाताने टाका आणि पाठवा. किंवा लॅपटॉप घेऊन फोनशेजारी बसा, लॅपटॉपचं वायफाय बंद-चालू करा आणि त्याचा पत्ता 0 मध्ये आला की बघा. तेव्हा यादीतही दिसेल. मात्र तिथे विंडोज पुन्हा पब्लिक धरून बसू शकतं, तेवढं तपासा.

एकटाजीव
एवढा खटाटोप करण्यापेक्षा शेअर्ड फोल्डर बनवा. विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी 1 (फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा, सगळं दिसायला लागतं. माझ्याकडे कायम चालूच असतं.

तारजोड
कृपया कोणी हे करू नका. एसएमबी 1 विंडोजने 2017 पासून नव्या इन्स्टॉलमध्ये देणं बंद केलं. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वर्षी त्यातल्याच छिद्रातून पसरला होता. शेअर्ड फोल्डर हवा तर नव्या आवृत्त्या आहेतच, अँड्रॉइडची चांगली फाइल मॅनेजर ॲप्स त्या समजतात.

एकटाजीव
माझं आजवर काही बिघडलं नाही.

किरमिजी
पत्ता टाकून पाठवते आहे. अर्धं जातं आणि थांबतं!!

झुळूक
फोनची स्क्रीन बंद होते का मध्ये?

किरमिजी
हो, खाली ठेवला की होते.

झुळूक
तेच. बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला झोपवतो. सेटिंग्जमध्ये लोकलसेंडसाठी बॅटरीचं बंधन काढा, आणि जाईपर्यंत ॲप समोरच उघडं ठेवा. लॅपटॉपचंही स्लीप बंद करा.

पत्रावळ
इंटरनेटचा प्लॅन किती एमबीपीएसचा आहे त्यावरही अवलंबून असेल ना?

तारजोड
नाही. फाइल इंटरनेटवर जातच नाही, घरातल्या घरात फिरते. बाहेरची लाइन तोडली तरी जाईल. वेग अडतो तो हवेत. दोन्ही उपकरणं एकाच राउटरच्या वायफायवर असतील तर तोच डेटा आधी फोनकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून लॅपटॉपकडे, असा दोनदा जातो. लॅपटॉपला राउटरची केबल लावली तर त्यातला एक फेरा वाचतो. फोनचं पोर्ट सैल आहे, लॅपटॉपचं नाही ना?

किरमिजी
लावली केबल. स्क्रीन चालू ठेवली. बऱ्यापैकी पळतंय आता.

कायमचा उपाय काय? दर वेळी आकडे टाकत बसणार नाही मी.

उंबरठा
दोन्ही फेकून मेश (एकमेकांशी जोडून चालणारा राउटरांचा संच) घ्या. मी घेतलं, एक दिवस त्रास नाही.

जुनंपानं
चालणारं यंत्र का फेकायचं? शिवाय मेशही मूळ राउटरच्या मागे राउटर मोडमध्येच लावलं तर हीच भानगड पुन्हा होते.

@किरमिजी, आधी वरच्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पसरवणं) आहे का बघा. असेल तर तो निवडा, संपलं. जुन्यात बऱ्याचदा नसतो. तसं असेल तर क्रम चुकवू नका: आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून 192.168.1.250 असा काहीतरी द्या, जो खालच्याने कोणाला दिलेला नसेल. मग त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा. आणि शेवटी खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) कुठल्याही पोर्टात घाला. डीएचसीपी चालू ठेवून केबल हलवलीत तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतील आणि आज चालतंय तेही बंद पडेल.

तारजोड
सहमत. एक भर: दोन्ही राउटरचे 2.4 चे चॅनल वेगळे ठेवा, एक 1 वर, दुसरा 6 किंवा 11 वर.

गंजका_खिळा
एवढ्या वेळात कार्ड एक्सफॅट करून कॉपीही झालं असतं.

किरमिजी
@गंजका_खिळा, फोनला कार्डाचा खाचाच नाहीये.

व्हिडिओ सगळे आले. वरच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोड नव्हता, म्हणून पत्ता, डीएचसीपी, केबल या क्रमाने केलं. आता तिन्ही 192.168.1 मध्ये आहेत आणि तिघंही एकमेकांच्या यादीत दिसतात, दोन्ही बाजूंनी. @जुनंपानं, @तारजोड, @झुळूक, आभार.

पण आता प्रिंटर गायब झालाय.

जुनंपानं
प्रिंटर वरच्या खोलीत असेल आणि त्याला 0 मधला पत्ता कोणीतरी कायमचा बांधून ठेवलेला असेल. त्याच्याच मेनूत जाऊन पत्ता ‘ऑटोमॅटिक’ करा आणि बंद-चालू करा. नाहीच आला तर मॉडेल टाकून वेगळा धागा काढा, इथे आधीच चार विषय झालेत.

मी_तोच
मित्राचा फोन पिक्सेल 7 निघाला. मग आता काय करायचं?