मदत हवी आहे: तुटक बिंदूंवरची चेबिशेव्ह प्रणाली संतत फलांपर्यंत कशी वाढवायची?

घनमूळ:
बिंदू ०, १, २, ३. पहिलं फल (फंक्शन) सगळीकडे १. दुसरं ०, १, २, ३. तिसरं ०, ०, १, ४. चढत्या क्रमाने कुठलेही तीन बिंदू घेतले तरी ३×३ निश्चयक (डिटर्मिनंट) धन येतो, म्हणजे चेबिशेव्ह प्रणाली (जितकी फलं तितके वेगळे बिंदू कुठलेही घेतले तरी निश्चयक शून्य होत नाही असा फलांचा संच) आहेच. आता हीच फलं अख्ख्या रेषेवर संतत हवीत. मूळ किमती हलू नयेत आणि निश्चयक कुठेही शून्य होऊ नये. शेजारचे बिंदू सरळ रेषेने जोडले तर काही त्रिकुटांना मॅट्रिक्स सिंग्युलर येते, म्हणजे निश्चयक शून्य. खरं काम ४० बिंदू आणि ४ फलांचं आहे, त्यामुळे फक्त या तक्त्यापुरता जुगाड नको.

तळटीप:
या तक्त्यात पहिली दोन फलं १ आणि क्ष अशीच आहेत. त्यामुळे तिसऱ्याच्या चार किमतींतून जाणारा काटेकोर बहिर्वक्र (कुठेही सरळ न होता सतत वर वळत जाणारा) आलेख काढलात की काम झालं. पण तुम्हाला सर्वसाधारण रीत हवी आहे.

आधी सरळ रेषेचं. प्रत्येक बिंदूवरच्या तीन किमती म्हणजे त्रिमितीतला एक सदिश. दोन सदिश रेषेने जोडले की मधले सगळे सदिश त्या दोघांच्याच प्रतलात. एकाच तुकड्यातून तीन बिंदू उचलले की निश्चयक शून्य होणारच. फलं दोनच असती तर हीच युक्ती बिनघोर चालली असती.

सांगाल तितके बिंदू असोत, पण सांत (मोजके) असतील तर गाउसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचा वक्र, वापरा. बिंदू ट ला क्ष वर भार द्या: ई चा −(क्ष−ट)²/र² हा घात, र म्हणजे घंटेची रुंदी. बिंदूंचेच आपापसातले भार मांडून भ ही चौरस मॅट्रिक्स करा. मूळ तक्ता व असेल तर द = भ⁻¹व काढा. नवीन फल = द मधल्या त्या स्तंभाच्या किमती गुणिले भार, यांची बेरीज. मूळ बिंदूंवर भ·द = व, म्हणून किमती तंतोतंत जुळतात. गाउसियन भारांचे सगळे निश्चयक धन असतात. त्यामुळे द चे ३×३ निश्चयकही धन असले, तर कोशी–बिने सूत्राने (दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा निश्चयक त्यांच्या लहान निश्चयकांच्या गुणाकारांच्या बेरजेत मांडणारं सूत्र) नव्या फलांचा निश्चयक धन पदांची बेरीज होतो. र लहान केला की भ एकक मॅट्रिक्सकडे जाते आणि द हा व च्या जवळ, म्हणून पुरेशा लहान र ला ही अट पाळली जातेच.

तुमच्या तक्त्यात र = ०.५ ला द चे चार निश्चयक साधारण १.९, ४.९, ३.९, ०.९. सगळे धन. र = १ ला मात्र ०, १, २ या बिंदूंचा निश्चयक ऋण होतो. तिथे नुसती सिद्धताच अडते असं नाही. क्ष डावीकडे लांब नेलेत तर त्याच पदाचं पारडं जड होतं आणि प्रणाली खरोखर मोडते.

घनमूळ:
र = ०.५ ला पहिलं फल १ राहत नाही. क्ष = ०.५ वर ०.७२ येतंय. आणि ४० बिंदूंतून चार-चार निवडून ९१,३९० निश्चयक तपासायचे का?

तळटीप:
तिन्ही फलांना पहिल्या फलाने भागा. द चा पहिला स्तंभ धन असला की ते फल सर्वत्र धन असतं, म्हणजे निश्चयकाला फक्त धन संख्येने गुणल्यासारखं होतं. मूळ बिंदूंवर ते १ च आहे, किमती जागच्या जागी. र फार लहान ठेवलात तर बाकीची फलं जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसतात, म्हणून चिन्हं टिकतील असा मोठ्यात मोठा र शोधा. बिंदूंमधली अंतरं असमान असतील तर सुरुवात सर्वांत लहान अंतराच्या निम्म्यापासून करा.

तपासणीसाठी फेकेटेचं साहाय्यक प्रमेय आहे. पहिलं एक, पहिली दोन, पहिली तीन, असे सगळे पोटसंच चेबिशेव्ह निघाले पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक पायरीवर द मधल्या लागोपाठच्या बिंदूंचेच निश्चयक बघायचे: ४०+३९+३८+३७ = १५४. यातला एखादा ऋण निघाला तर लगेच र कमी करू नका, फलांचा क्रम बदलून बघा.

बिनशर्त:
बिंदू अनंत असले की हा सगळा हिशोब बदलतो. ० ते २ वर १ आणि ग घ्या: क्ष < १ ला ग = क्ष, पुढे ग = क्ष + १. चेबिशेव्ह आहे, पण उडी आहे, म्हणजे त्याच चलात संतत होणं शक्य नाही. य = ग(क्ष) हा चल घेतलात की उडीच्या जागी [१, २) ही फट पडते, आणि तिथे १, य ही जोडी बिनतक्रार बसते. त्सील्केचं १९७९चं पुस्तक अशाच असंतत प्रणालींवर आहे.

टोकांना जास्त जपा. कोज्या आणि ज्या ही जोडी [०, π) वर चेबिशेव्ह आहे, कारण निश्चयक ज्या(य−क्ष). पण π वरचा सदिश ० वरच्याच्या बरोबर उलटा, त्यामुळे बंद अंतरालावर ती जात नाही. शिवाय [०, π) वर या जोडीचं एकही संयोजन सर्वत्र धन नाही, त्यामुळे वरची भागाकाराची युक्तीही इथे लागू होत नाही. ० वगळलंत तर ज्या धन आहे, मग भागा खुशाल.